टी गुलाबाच्या मागावर

टेक्सासमधल्या काही गुलाबांना महामार्गांची आणि गावांची नावं आहेत. “हायवे २९० पिंक बटन्स” हा त्यातला एक. “कॅल्डवेल पिंक” कॅल्डवेल गावातला, “जॉर्जटाउन टी” जॉर्जटाउनचा. या झाडांना एके काळी दुसरी नावं होती. युरोपातल्या एखाद्या रोपवाटिकेच्या सूचिपत्रात ती दिमाखात छापलीही गेली असतील. पुढे घरं विकली गेली, लावणारी माणसं गेली, नावाच्या पट्ट्या कुजल्या आणि झाड तेवढं मागे राहिलं. असा गुलाब ज्याला सापडतो तो त्याला तात्पुरतं नाव देतो, आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायची पद्धत आहे. मूळ नाव पुराव्यानिशी कळलं, तरच ती चिन्हं काढायची.

१९८०च्या दशकात पॅम प्युरियर, टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले उद्यानतज्ज्ञ बिल वेल्च आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ही शोधमोहीम हौसेने सुरू केली. ‘टेक्सास रोझ रसलर्स’ म्हणून ही मंडळी ओळखली जाऊ लागली. जुनी दफनभूमी, ओस पडलेली शेतघरं, रेल्वेलगतच्या वस्त्या असं जिथे जिथे गुलाब दिसेल तिथे थांबायचं, मालकाला विचारायचं आणि दोन काड्या कापून घ्यायच्या. झाड उपटायचं नाही, हा नियम पक्का. याच सुमारास माइक शूप नावाचे रोपवाटिकाचालक टेक्सासच्या स्थानिक वनस्पतींचा व्यवसाय करत होते. एका दुर्लक्षित जाळीच्या कुंपणावर त्यांना एक गुलाब फुललेला आढळला. ना पाणी, ना खत, ना औषध, तरी भरभरून फुलं. तो निघाला ‘मर्मेड’, १९१८चा, ज्याचा एक पालक टी गुलाब होता. शूप यांनी पुढे इंडिपेंडन्स या गावी ‘अँटिक रोझ एम्पोरियम’ उभं केलं, आणि कबरींवरचे, कुंपणांवरचे गुलाब पुन्हा घरोघर जाऊ लागले.

या शोधात सापडलेल्या झाडांमध्ये टी आणि चायना या दोन गटांचे गुलाब फार होते. टी गुलाबाची सगळी कहाणी या एका निरीक्षणात आहे: जिथे हिवाळा सौम्य असतो आणि माणूस झाडाच्या फारसा मागे लागत नाही, तिथे तो शंभर वर्षं जगतो. ज्या देशांत त्याचं सर्वाधिक कोडकौतुक झालं, तिथेच तो आधी संपला.

ही कहाणी सुरू होते दक्षिण चीनमध्ये. कँटन शहराजवळ, नदीपलीकडे, फा-टी नावाचा रोपवाटिकांचा परिसर होता. परदेशी व्यापाऱ्यांना शहरात मुक्त वावर नव्हता, पण या रोपवाटिकांपर्यंत ते पोचू शकत. कुंड्यांत वाढवलेले गुलाब तिथे पैसे मोजले की मिळत. चिनी माळ्यांनी ते शतकानुशतकं जोपासलेले होते. युरोपच्या जुन्या गुलाबांपैकी बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. हे मात्र ऊब असेल तोवर फुलतच राहत.

अडचण होती ती प्रवासाची. जहाजाच्या डेकवर खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई आणि सहा-सहा महिन्यांची सफर. मकाऊमध्ये असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य जॉन लिव्हिंग्स्टन यांनी १८१९ मध्ये लिहून ठेवलं की चीनहून निघालेल्या हजार रोपांमागे एखादंच इंग्लंडात जिवंत उतरतं. वाटेत काही रोपं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात विसावत, जीव धरत आणि मग पुढे जात. त्यामुळे युरोपने बराच काळ या चिनी गुलाबांना भारतीय समजलं, आणि फ्रेंच लोक तर त्यांना आजही बंगालचे गुलाब म्हणतात.

पहिला टी गुलाब १८०९-१०च्या सुमारास हर्टफर्डशायरमधल्या सर अब्राहम ह्यूम यांच्याकडे पोचला: फिकट गुलाबी, मान टाकलेली फुलं, ‘ह्यूम्स ब्लश’. तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध पेटलेलं होतं. तरीही या गुलाबाची रोपं माल्मेझोनला, सम्राज्ञी जोसेफिनच्या बागेत, सुखरूप जाऊ दिली गेली असं सांगतात. १८२४ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने पाठवलेले जॉन डॅम्पर पार्क्स फिकट पिवळा गुलाब घेऊन परतले. या दोन झाडांपासून एक अख्खा वंश वाढला. दोन्ही मूळ झाडं मात्र आज खात्रीने कुठे दाखवता येत नाहीत. त्यांच्या नावाने जे विकलं जातं, त्याबद्दल अभ्यासकांना शंका आहे.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं प्रामुख्याने फ्रान्सची. १८३९ मध्ये अँजेच्या बोरगार यांचा ‘सफ्रानो’ आला. त्याची केशरट, जर्दाळू रंगाची कळी इतकी सुबक की पूर्ण उमलण्याआधीच ती कोटावर लावली जाई. बोर्दोमध्ये १८५७ साली ‘डचेस द ब्राबाँ’ झाला: गुलाबी, वाटीसारखा. थिओडोर रूझवेल्ट यांना तो फार आवडे, असं सांगतात. लिऑनमध्ये गियो, ड्युशेर, बर्नेक्स अशा घराण्यांनी एकामागून एक वाण काढले: ‘कॅथरीन मेर्मे’ (१८६९), ‘मारी व्हॅन हूट’ (१८७१), ‘मस्यू तिलिये’ (१८९१). भूमध्य समुद्रकाठच्या गोल्फ-ज्युआंमध्ये नाबोनाँ घराणं तर टी गुलाबांवरच जगत होतं. त्या उबदार किनाऱ्यावर हे गुलाब ऐन हिवाळ्यात फुलत, आणि आगगाडीने पॅरिसला जात.

सुगंधाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक इथेच फसतात. टी गुलाबाचा वास गुलकंदाचा किंवा अत्तराचा नसतो. पूर्वीचे लोक त्याची तुलना नुकत्याच उघडलेल्या चहाच्या पेटीशी करत. कोरड्या पानांचा, किंचित मातकट आणि त्यावर फळाची हलकी छटा असलेला तो वास आहे. ‘डचेस द ब्राबाँ’मध्ये रास्पबेरीची आठवण येते, तर बर्म्युडात सापडलेल्या “स्पाइस”मध्ये मिरीची. रसायनशास्त्राच्या भाषेत त्याचा मुख्य घटक डायमिथॉक्सिटोल्युइन. फ्रेंच संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की हे द्रव्य बनवण्याच्या साखळीतलं एक आवश्यक विकर देणारा जनुक चिनी गुलाबांच्याच वंशात घडला. युरोपच्या जुन्या गुलाबांत तो नाही. वर्षभर फुलण्याचं कारणही असंच सापडलं आहे. रानगुलाबांत वसंतानंतर फुलणं थांबवणारा एक जनुक असतो. चिनी गुलाबांत डीएनएचा एक उडता तुकडा त्यात घुसला आणि तो लगाम निकामी झाला. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कँटनच्या माळ्यांनी जनुक पाहिला नव्हता. त्यांनी पुन्हा पुन्हा फुलणारं झाड पाहिलं आणि राखलं, आणि आजच्या बाजारातला जवळजवळ प्रत्येक गुलाब त्या नजरेचा ऋणी आहे.

मग टी गुलाब गेला कुठे? उत्तर युरोपची थंडी त्याला सोसत नसे. इंग्लंडात तो काचघरात वाढवावा लागे, म्हणजे तो श्रीमंतांचा छंद झाला. १८६७ मध्ये गियो यांचा ‘ला फ्रान्स’ आला आणि टी गुलाबाच्या संकरांचा, म्हणजे थंडी सोसणाऱ्या हायब्रिड टी गुलाबांचा रस्ता खुला झाला. १९०० मध्ये पेर्ने-ड्युशेर यांचा ‘सोलेय द’ओर’ आला. त्याने इराणी रानगुलाबाचा झगझगीत पिवळा रंग आणला, आणि सोबत काळ्या ठिपक्याच्या रोगाला लवकर बळी पडणारी पानंही. फुलबाजाराला ताठ, लांब दांडा हवा होता; टी गुलाबाची मान नाजूक, फूल खाली झुकणारं. सूचिपत्रांतून त्याची पानं एकेक करत गळाली. हे नुकसान फार मोठं होतं. आपण ज्याला आज गुलाब म्हणून ओळखतो, ते ताठ दांड्याचं, सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं, बहुधा बिनवासाचं फूल म्हणजे त्या निवडीचा परिणाम.

टी गुलाब वाचला तो परिघावर. बर्म्युडा बेटांवर तो दीडशे वर्षं घराघरांत काड्यांनी फिरत राहिला. तिथल्या रोझ सोसायटीची स्थापना १९५४ची. या संस्थेने अशा अनाम गुलाबांची नोंद ठेवली आणि त्यांना ‘बर्म्युडाचे गूढ गुलाब’ अशी स्वतंत्र ओळख मिळवून दिली. त्यांची नावं चर्चवरून, परगण्यांवरून पडली आहेत: “ट्रिनिटी”, “स्मिथ्स पॅरिश”. मिरीच्या वासाचा तो “स्पाइस” म्हणजेच हरवलेला ‘ह्यूम्स ब्लश’ असावा, असं काही जाणकारांना वाटतं. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या १८४९च्या ऐतिहासिक दफनभूमीत १९९२ पासून स्वयंसेवकांनी जुन्या गुलाबांची बाग उभी केली. सोन्याच्या शोधात आलेल्या कुटुंबांनी उत्तर कॅलिफोर्नियात जिथे जिथे गुलाब लावले होते, तिथून आणलेल्या काड्यांची ती बाग आहे. वनस्पतितज्ज्ञ फ्रेड बुटाँ यांनी गोळा केलेली झाडं हा तिचा पाया.

ऑस्ट्रेलियातलं काम मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. तिथल्या सहा हौशी अभ्यासक स्त्रियांनी अनेक वर्षं टी गुलाबांचा पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये ‘टी रोझेस: ओल्ड रोझेस फॉर वॉर्म गार्डन्स’ हा ग्रंथ काढला. जुन्या सूचिपत्रांतलं वर्णन आणि समोरचं झाड यांचा मेळ घालत जाणं म्हणजे किती चिकाटीचं काम! सूचिपत्रात ‘मोठं, भरलेलं, सुगंधी, गुलाबी’ एवढंच लिहिलेलं असे, आणि ते पन्नास वाणांना लागू पडे. म्हणून पाहायचं ते फुलाखालच्या देठाची जाडी, फळ धरणाऱ्या पेल्याचा आकार, काट्यांचा बाक, कोवळ्या पालवीचा रंग, बाहेरच्या पाकळीची पाठ. एकच गुलाब दोन नावांनी विकला जातो (‘डचेस द ब्राबाँ’ आणि ‘कोंतेस द लाबार्त’ हे एकच), आणि दोन वेगळे गुलाब एकाच नावाखाली जातात. ‘सोंब्रय’ नावाने विकली जाणारी मलईरंगी वेल म्हणजे १८५०चा तो टी गुलाब नव्हे, हेही असंच फार उशिरा मान्य झालं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकिस्टनच्या चर्चआवारात एका कबरीवर सापडलेल्या गुलाबाला तर कबरीतल्या माणसाचं नाव मिळालं: “ऑक्टेव्हियस वेल्ड”.

आता आपल्याकडे येऊ, कारण या कुळाची एक मुळी भारतात आहे. टी गुलाबांच्या रक्तात दोन रानगुलाब आहेत: चीनचा रोझा चायनेन्सिस आणि रोझा जायगँटिया. दुसरा हा झाडांवर चढत जाणारा प्रचंड वेल. मलईरंगी फूल तळहाताएवढं. सर जॉर्ज वॉट यांना तो १८८२ मध्ये मणिपूरच्या डोंगरात दिसला. सर हेन्री कॉलेट यांना तो काही वर्षांनी ब्रह्मदेशाच्या शान टेकड्यांत मिळाला, आणि १८८८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. मणिपूरमधला शिरुई डोंगर आपल्याला शिरुई लिलीमुळे माहीत असतो. त्याच डोंगराळ पट्ट्यात हा गुलाबही रानात वाढतो. कोडाईकनालचे विरु आणि गिरिजा वीरराघवन यांनी तो मुद्दाम शोधून आणला आणि त्याच्याशी संकर करत उष्ण हवामानाचे नवे गुलाब घडवले. थंड देशांसाठी घडवलेले गुलाब आपण औषधांच्या जोरावर तगवत बसतो, त्याऐवजी उन्हातच जन्मलेल्या गुलाबांकडून सुरुवात करावी, ही त्यांच्या कामामागची दिशा. टी गुलाब त्याच दिशेचा जुना, तयार नमुना आहे.

टेक्सासमध्ये याची पद्धतशीर परीक्षाही झाली. टेक्सास ए अँड एमच्या ‘अर्थ-काइंड’ चाचण्यांत गुलाबांना कीटकनाशक नाही, रासायनिक खत नाही, फक्त सुरुवातीला कंपोस्ट आणि वर जाड आच्छादन. जो टिकला आणि फुलला, तो यादीत. त्या यादीत “जॉर्जटाउन टी”, “स्पाइस”, ‘डचेस द ब्राबाँ’, ‘मस्यू तिलिये’, ‘मादाम आंत्वान मारी’ आणि जवळजवळ बिनकाट्यांचा ‘मिसेस डडली क्रॉस’ असे गुलाब आहेत. ह्यूस्टन, डॅलस किंवा बे एरियात घर असलेल्या मराठी कुटुंबांना ही रोपं तिथल्या रोपवाटिकांत मिळू शकतात. त्यांनी परसात निदान एक तरी लावावं.

महाराष्ट्रातल्या बागेत मात्र काही सवयी सोडाव्या लागतील. पहिली छाटणीची. दसरा-दिवाळीच्या सुमारास गुलाब गुडघ्याएवढा कापायचा, मुळं उघडी करून ऊन द्यायचं, ही आपल्याकडची रूढ रीत हायब्रिड टी गुलाबासाठी आहे. टी गुलाब आपलं अन्न जुन्या लाकडात आणि पानांत साठवतो. त्याला असं कापलं की झाड सावरायलाच वर्ष घेतं, कधी मरतंही. वाळलेल्या काड्या, आत गुंतलेल्या बारीक फांद्या काढा, सुकलेली फुलं खुडा, आणि थांबा. झाड माणसाच्या खांद्यापर्यंत, काही वाण त्याहून उंच आणि तितकेच रुंद होतात, म्हणून जागा आधीच सोडायची. दोन रोपांमध्ये दीड ते दोन मीटर.

दुसरी सवय कलमाची. आपल्याकडचे बहुतेक गुलाब खुंटावर डोळा भरून केलेले असतात. काही वर्षांनी खालून खुंटाचे फुटवे येतात आणि फुलं बदलली म्हणून घरातले चकित होतात. टी गुलाब स्वतःच्या मुळांवरच उत्तम वाढतो. नुकतंच फूल देऊन झालेली, पेन्सिलीच्या जाडीची काडी घ्यावी, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढावीत. वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात ती रोवून, वर तळ कापलेली प्लास्टिकची बाटली उपडी घालून सावलीत ठेवावी. पाऊस ओसरल्यानंतरचे, थंडीचे महिने याला बरे. पावसाळ्यात गुटी कलमही धरतं.

काळ्या मातीत पाणी साचतं आणि टी गुलाबाला ओले पाय अजिबात खपत नाहीत. वाफा वीतभर उंच करावा, मातीत मुरूम किंवा जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं, वर उसाचं पाचट किंवा वाळला पाला जाड पसरावा. दिवसाला सहा तास ऊन हवं. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सावली मिळाली तर पाकळ्या भाजणार नाहीत. त्या दिवसांत फूल लहान होतं, रंग उतरतो. यात काळजीचं काही नाही. थंडी लागली की तेच झाड पुन्हा टपोरी फुलं देतं. कोकणात आणि गोव्यात अडचण पावसाची: ‘मामाँ कोशे’सारख्या गच्च भरलेल्या कळ्या ओलाव्यात न उमलताच कुजतात. तिथे कमी पाकळ्यांचे ‘सफ्रानो’ आणि १९१०चा इंग्लिश ‘लेडी हिलिंग्डन’ बरे. कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि कळ्यांत फुलकिडे येतात. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो. भुरी हवा कोंडलेल्या कोपऱ्यात होते, म्हणून भिंतीला चिकटवून लावू नये.

पहिल्या दोन वर्षांत हा गुलाब निराश करतो. काटकुळ्या फांद्या, चार-दोन फुलं, आणि शेजारचा हायब्रिड टी टपोऱ्या फुलांनी मिरवत असतो. बरेच लोक इथे झाड उपटतात. तिसऱ्या वर्षी खोड जाड होतं, झाडाला घेर येतो, आणि मग फुलणं जवळजवळ वर्षभर चालतं. फुलं झुकतात, त्यामुळे झाड उंच ओट्यावर किंवा पायऱ्यांच्या कडेला लावलं तर ती खालून वर पाहता येतात. झुकणं हा दोष नव्हे, ती या गुलाबाची ठेवण आहे.

रोपं मिळवणं हे सर्वांत कठीण. आपल्या नेहमीच्या रोपवाटिकांत टी या नावाखाली हायब्रिड टीच मिळतात. परदेशातून येताना बॅगेत काडी घालून आणणं हा मार्ग नव्हे: २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली आयात परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि बाहेरचा विषाणू किंवा कीड इथे उतरली तर नुकसान साऱ्या गुलाबशेतीचं होतं. त्यापेक्षा गुलाबप्रेमींच्या संस्था, निलगिरी-कोडाईकनाल-बंगळुरूकडचे संग्राहक, आणि पुण्या-मुंबईची गुलाब प्रदर्शनं इथे विचारावं. जुनी बंगलेवजा घरं, कँटोन्मेंटची आवारं, महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बागा आणि चर्चची आवारं यांकडेही डोळे उघडे ठेवून पाहायला हरकत नाही. कुठे उंच, मऊ पानांचा, तांबूस पालवीचा, मान टाकलेल्या फुलांचा, वर्षभर फुलणारा गुलाब दिसला तर घरच्यांना विचारावं की तो कोणी आणि कधी लावला. टेक्सासच्या मंडळींना अर्धी माहिती अशाच गप्पांतून मिळाली.

परवानगीने काडी मिळाली की लगेच चार गोष्टी लिहून ठेवायच्या: जागा, तारीख, देणाऱ्यांना ते झाड किती जुनं वाटतं, आणि फुलाचा पहिल्या दिवशीचा व तिसऱ्या दिवशीचा रंग, कारण टी आणि चायना गुलाबांत तो बदलतो. फोटो काढताना फुलाबरोबर देठ, काटे आणि पानाची खालची बाजूही घ्यावी. काड्या एकाऐवजी चार लावाव्यात. त्यातलं एक रोप ज्यांनी काडी दिली त्यांना परत द्यावं आणि एक वेगळ्या गावातल्या कुणाला तरी. जुनं झाड तुटलं किंवा आवार विकलं गेलं, तर तो वाण मागायला जायचं ठिकाण तेच असेल.